गोव्यात नवीन आलात? फोन खाली ठेवून माणसं जोडायची कशी

वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, कुंडईचे कारखाने, पणजी-पर्वरीतली ऑफिसं. इथे नोकरी लागून महाराष्ट्रातून आलेली मुलं-मुली भेटली की एक गाऱ्हाणं हमखास ऐकू येतं. वर्ष उलटलं, पण शेजारच्या घरात कोण राहतं ते माहीत नाही. संध्याकाळी खोलीवर आलं की फोन हातात येतो आणि जेवण गार झालं तरी सुटत नाही. त्या फोनमध्ये दिसणारा गोवा म्हणजे किनारे, कॅफे आणि सूर्यास्त. शनिवारी-रविवारी तिथे जायचं, फोटो टाकायचे, सोमवारी पुन्हा एकटं.

हे एकटेपण लाजायची गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सहातल्या एका माणसाला एकटेपणा जाणवतो, आणि त्यात तरुणांचं प्रमाण मोठं आहे. त्यातून बाहेर पडायला गोव्यासारखी जागा शोधून सापडणार नाही असं मला मनापासून वाटतं. इथे गावोगावी वर्षभर काही ना काही चाललेलं असतं आणि प्रत्येक ठिकाणी माणसं कमी पडत असतात.

सुरुवातीलाच एक सांगतो. सोशल मीडिया बंद केला म्हणजे माणसं आपोआप भेटतील, असं होत नाही. २०१८ साली अमेरिकेत काही संशोधकांनी लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. त्यांची मनःस्थिती थोडी सुधारली, घरच्यांसोबत आणि मित्रांसोबतचा वेळ वाढला. पण वाचलेल्या वेळातला काही एकट्याने टीव्ही बघण्यातही गेला. म्हणून बंद करणं आणि बाहेर पडणं ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू करा. आधी फोनची सवय सोडवू, मग माणसांकडे बघू, असं ठरवलंत तर दुसरा भाग राहून जातो.

आधी फोनचं आवरून घ्या

अकाउंट कायमचं उडवायची गरज नाही. इन्स्टाग्राम आणि फेसबुक दोन्हींवर डीअ‍ॅक्टिव्हेट करायची सोय आहे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, त्यात पर्सनल डिटेल्स, त्यात अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल. डीअ‍ॅक्टिव्हेट केलं की तुम्ही लोकांना दिसत नाही, पण फोटो आणि ओळखी जागच्या जागी राहतात. डिलीट केलं तर ३० दिवसांची मुदत मिळते, त्यानंतर परत फिरता येत नाही. मी नवख्या माणसाला डीअ‍ॅक्टिव्हेटच सुचवतो. भीती कमी असली की माणूस टिकतो.

त्याआधी एक काम मात्र न चुकता करा. ज्यांच्याशी तुमचं बोलणं फक्त इन्स्टाग्रामवरच होतं, त्यांचे फोन नंबर मागून घ्या. शाळेतली मैत्रीण, पुण्याचा रूममेट, आतेभाऊ. ‘महिनाभर तिकडे नसेन, फोन कर’ एवढा निरोप पुरे. मोठी घोषणा करणारी पोस्ट टाकू नका, नाहीतर तिला काय प्रतिसाद आला ते बघण्यातच पुढचे दोन दिवस जातील.

व्हॉट्सअ‍ॅप ठेवा. गोव्यात भजनी मंडळाचा निरोप, नाटकाच्या तालमीची वेळ, सोसायटीच्या पाण्याची भानगड, सगळं तिथेच येतं. पण कामाचे गट कायमचे म्युट करा, उरलेले आर्काइव्हमध्ये टाका आणि स्टेटस बघणं सोडा. यूट्यूबवर वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाका, म्हणजे पहिल्या पानावरच्या शिफारशी जवळपास नाहीशा होतात. हे केलं नाही तर रील्सची जागा शॉर्ट्स घेतात आणि तुम्ही होता तिथेच राहता.

ज्यांचं पोट इन्स्टाग्रामवर आहे, म्हणजे होमस्टे चालवणारे, घरून केक किंवा मसाले विकणारे, त्यांनी अकाउंट बंद करू नये. फोनमधून अ‍ॅप काढा आणि लॅपटॉपवर दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, ऑर्डरींपुरतं बघा.

बाजारातून एक साधं गजराचं घड्याळ आणा आणि फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. खोली एकच असेल तर दाराजवळ, अंथरुणावरून हात पोचणार नाही इतक्या लांब. पहिला आठवडा जड जातो. बसमध्ये, रांगेत, जेवताना हात आपोआप खिशाकडे जातो. त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. पान कधी संपूच नये अशी रचना मुद्दाम केलेली आहे. २००६ साली ती तयार करणाऱ्या एझा रास्किन यांनीच पुढे तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली आहे.

चेहरे ओळखीचे करून घ्या

लगेच मित्र शोधायला जाऊ नका. आधी रोज दिसणाऱ्या माणसांना तुमचा चेहरा ओळखीचा होऊ द्या. सकाळ-संध्याकाळ सायकलवरून भोंगा वाजवत पदेर, म्हणजे पाववाला, येतो. ऑनलाइन ब्रेड मागवण्यापेक्षा खाली उतरा, त्याच्याकडून पाव घ्या, उंडो (गोल, कडक पाव) घ्या. त्याच वेळी शेजारच्या चार घरांतली माणसं दाराशी आलेली असतात. दोन आठवड्यांत कोणीतरी विचारतंच, कुठून आलात, कुठे कामाला.

चहाचंही तसंच. रोज एकाच हॉटेलात, एकाच वेळी जा आणि पातळभाजी-पाव घेऊन तिथेच बसून खा. पार्सल नको. टेबल मोकळं नसेल तर समोर कोणीही येऊन बसतो, आणि त्याला इथे कोणी वावगं मानत नाही.

मराठी पेपर विकत घ्या. ‘गोमन्तक’ १९६२ पासून निघतोय, ‘नवप्रभा’ १९७० पासून, शिवाय ‘तरुण भारत’ आहे. कुठे जत्रा, कुठे भजन, कोणत्या देवळासमोर कोणतं नाटक, या बातम्या स्थानिक पानांवर असतात, आणि गोव्यातले बहुतेक सांस्कृतिक कार्यक्रम फुकट असतात. तालुका पानावर पेन्सिलने खूण करायची सवय लावा.

भाषेबद्दल. घरात आणि रस्त्यावर लोक कोंकणी बोलतात. तेच लोक देवळात तुकारामांचे अभंग म्हणतात, मराठी नाटक करतात, मराठी पेपर वाचतात. तुमचं मराठी सगळ्यांना समजतं, पण ‘कशें आसा?’, ‘बरें आसा’, ‘देव बरें करूं’ (म्हणजे धन्यवाद) एवढं तरी बोलायला लागा. चुकलात तर लोक प्रेमाने दुरुस्त करतात. कोंकणी थोर की मराठी थोर या वादात नव्या माणसाने पडू नये. त्याला मोठा इतिहास आहे आणि त्यात अनेकांची मनं गुंतलेली आहेत.

आणि दुपारी एक ते चार कोणाच्या दाराची कडी वाजवू नका. दुकानंही बंद असतात. गोवा त्या वेळी जेवून आडवा झालेला असतो.

एकच जागा निवडा आणि तिथे काम मागा

या सगळ्या लेखातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे. गोव्यात ओळख कामातून होते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येणारा आणि एखादं काम अंगावर घेणारा माणूस बघता बघता वाड्यावरचा होऊन जातो. बघायला आलेला माणूस दहा वर्षं आला तरी पाहुणाच राहतो.

मराठी माणसासाठी सर्वात सोपं दार म्हणजे नाटक. गोव्यात उत्सवी रंगभूमी अजून जिवंत आहे. देवळाच्या उत्सवात, जत्रेत गावचीच माणसं मराठी नाटक उभं करतात. बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, गॅरेजवाला, सगळे त्यात असतात. तालमी रात्री जेवणं उरकल्यावर देवळाच्या मंडपात नाहीतर अग्रशाळेत (देवळाच्या धर्मशाळेत) चालतात. तिथे जाऊन भूमिका मागायची नाही. मागच्या बाजूला बसायचं आणि विचारायचं, प्रॉम्प्टिंगला कोणी आहे का?

बहुतेकदा कोणी नसतं. संहितेची झेरॉक्स हातात येते. कोपरे दुमडलेले, वाक्यं पेनाने खोडलेली, एका पानावर चहाचा डाग. ट्यूबलाइटच्या उजेडात तुम्ही ओळीवर बोट ठेवून बसता. समोर राजाचं काम करणारा माणूस अर्ध्या वाक्यात अडतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तुमच्याकडे बघतो. पहिले दोन शब्द हळूच पुढे केले की गाडी सुटते. अस्खलित मराठी वाचता येणं ही तुमची जमेची बाजू इथे थेट कामाला येते. फोन बघायची सोयच नसते, कारण नजर ओळीवरून हलली की समोरचा माणूस उघडा पडतो. तालीम संपल्यावर कोणीतरी तुम्हाला स्कूटरवरून घरी सोडतं, आणि वाटेतल्या त्या दहा मिनिटांत पहिल्यांदा नाटक सोडून बाकीच्या गोष्टी निघतात.

नाटकात रस नसेल तर भजन. बहुतेक गावांत भजनी मंडळ असतं. कला अकादमीच्या भजनी स्पर्धांत पुरुषांची, महिलांची आणि मुलांची पथकं उतरतात, त्यामुळे पावसाळ्यात सरावाला जोर असतो. गळा नसला तरी टाळ धरता येतात. लयीत राहिलात तर कोणी उठवत नाही. वास्कोचा श्री दामोदर भजनी सप्ताह श्रावणात असतो. अखंड चोवीस तास भजन चालतं आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर फेरी, म्हणजे जत्रेतला बाजार, भरते. एकदा तरी रात्री तिथे बसून या.

अबोल स्वभावाच्या माणसांनी पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा केंद्रीय ग्रंथालयापासून सुरुवात करावी. या ग्रंथालयाची मुळं १८३२ सालापर्यंत जातात. शनिवारी सकाळी तिथे गेलात की तेच तेच वाचक दिसतात. मडगावकडे राहणाऱ्यांसाठी गोमंत विद्या निकेतन आहे, पर्वरीला गोमंतक मराठी अकादमी. व्याख्यान संपल्यावर लगेच निघू नका, खुर्च्या उचलायला थांबा. खेळाची आवड असेल तर गावच्या मैदानावर संध्याकाळी फुटबॉल असतोच, आणि एक खेळाडू नेहमीच कमी असतो.

कोणतीही एकच गोष्ट निवडा. चार ठिकाणी हजेरी लावणाऱ्याला कुठेच कोणी धरत नाही. शिवाय ती घरापासून चालत जाता येईल अशी असू द्या. रात्री आठनंतर बसेस विरळ होतात, शहराबाहेर पायलट (मोटरसायकल टॅक्सी) मिळेलच याची खात्री नाही, आणि परतायची चिंता असलेला माणूस दोन आठवड्यांत जाणं सोडतो.

किती दिवस लागतात?

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीची वरवरची मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, मित्र म्हणण्याजोगं नातं व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. आठवड्यातून दोन रात्री दोन-दोन तास तालीम धरली, तर पहिले ५० तास व्हायला तीन महिने जातात. म्हणजे महिन्याभरात कोणी घरी बोलावलं नाही, म्हणून ‘गोंयकार तुटक असतात’ असा निकाल देऊन मोकळं होऊ नका. तुमचे तास अजून भरलेले नाहीत. ऑफिसात सोबत काम करण्यात गेलेले तास फारसे कामाचे नसतात, हेही त्याच अभ्यासात दिसलं होतं.

पावसाळ्यात सुरुवात केलीत तर उत्तम

बाहेरचे लोक पावसाळ्याला गोव्याचा बंद हंगाम समजतात. माझ्या मते माणसं जोडायला हाच सर्वात चांगला काळ, कारण पर्यटक कमी असतात आणि गाव घरी असतं.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्ण देवळासमोरच्या मैदानावर चिखलकाला होतो. अंगाला तेल लावून लहानथोर चिखलात उतरतात, जुने खेळ खेळतात, एकमेकांवर पडतात. फोन घरीच ठेवून जा, नाहीतर कडेला उभं राहून शूटिंग करत बसाल. चिखलात कोण कुठल्या कंपनीत आहे ते कळत नाही, आणि ओळख करून घ्यायला याहून मोकळी जागा मला तरी माहीत नाही.

मग येते चवथ. गणेश चतुर्थीला गावाकडचं प्रत्येक हिंदू घर भरलेलं असतं. पणजी-म्हापशातले फ्लॅट रिकामे होतात, माणसं मूळ गावी जातात. इथे राहिलेल्या नवीन माणसाला तेव्हा फार एकटं वाटतं, म्हणून तयारी आधीच सुरू करा. चतुर्थीच्या आधी माटोळीचा बाजार भरतो. गणपतीच्या वर बांधलेल्या लाकडी चौकटीला रानातली, परसातली फळं-फुलं टांगतात तिला माटोळी म्हणतात. सुपारीचे घोस, तोरिंगां, आंबाडे, चिबूड, कांगलां, घागऱ्यो. शेजाऱ्यांना विचारा, ‘माटोळी बांधायला येऊ का?’ उंच माणसाला आणि शिडीवर चढणाऱ्याला नाही म्हणणारं घर मी पाहिलेलं नाही. रानात जाऊन सामान गोळा करणाऱ्यांबरोबर जायला मिळालं तर कामावर रजा टाका.

संध्याकाळी आरत्या घरोघरी होतात आणि त्या घुमटावर होतात. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंना तोंड असलेलं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं असतं आणि लहान तोंड उघडं. उजव्या हाताने कातड्यावर थाप द्यायची, डाव्या तळव्याने लहान तोंड झाकायचं-सोडायचं, तसा नाद भरीव होतो नाहीतर मोकळा. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपड संरक्षित प्राणी आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं वापरतात. जोडीला शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळें (झांजा). नव्या माणसाच्या हातात आधी कासाळें देतात. हात ठरलेल्या ठोक्याला पडायला लागला की म्हणतात, बस इथेच, दुसऱ्या घरी पण ये. एका रात्रीत सात-आठ घरं फिरणं सहज होतं. प्रत्येक घरी काहीतरी खायला देतात आणि प्रत्येक घरी नाव विचारतात.

बायका-मुलींसाठी चवथीतली फुगडी आहे, महिला भजनी मंडळं आहेत, पौषाच्या चांदण्या रात्री मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या जागी, होणारे धालो (बायकांची गाणी आणि नाच) आहेत. धालोच्या मांडावर बायकांचंच राज्य असतं. एकट्या राहणाऱ्या मुलीने शेजारच्या काकूंचा हात धरून जावं. त्याच रात्री परत घरापर्यंत सोडतात.

काही गोष्टी सांभाळा

देवळात महाजनांचे, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत मानकऱ्यांचे, मान ठरलेले असतात. पालखीला कोणी खांदा द्यायचा, गाभाऱ्याजवळ कोणी जायचं, याचे नियम प्रत्येक देवस्थानाचे वेगळे. विचारल्याशिवाय पुढे होऊ नका. धालो, धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) यांचे विधी, अवसर (अंगात देव येणं) असं काही चालू असताना कॅमेरा काढणं लोकांच्या मनाला लागतं. तोंडावर कोणी बोलणार नाही, पण पुढच्या वेळी निरोप येणार नाही.

ख्रिस्ती शेजाऱ्यांना विसरू नका. २४ जूनला सांजांव (सेंट जॉनचा सण), डिसेंबरात नाताळ. नाताळच्या कुस्वाराची (गोड फराळाची) बशी तुमच्या घरी आली तर ती रिकामी परत करू नका. चवथीला नेवऱ्या (करंज्या) किंवा मोदक घालून पाठवा.

आणि एक महत्त्वाचं. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते एवढ्याने बरं होणार नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. पाय मुरगळल्यावर डॉक्टरकडे जातो तसं जा.

पुढे काय?

तीन महिन्यांनी अकाउंट उघडायचं की नाही ते ठरवा. उघडलंत तर आधी फॉलोची यादी कमी करा आणि अ‍ॅप फोनमध्ये न घेता ब्राउझरमधून बघा. अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंगमध्ये, आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये रोजची मर्यादा लावता येते.

त्याच सुमारास तुम्ही स्वतः लोकांना घरी बोलवा. तालमीतले चौघे, आरतीतले तिघे, पदेराशी ओळख करून देणारी शेजारीण. पोहे करा, भरपूर ओलं खोबरं घाला, चहा ठेवा. रविवारी संध्याकाळी पाचनंतर बोलवा, कारण सकाळी लोक मासळी आणायला गेलेले असतात. आमंत्रण मेसेजवर पाठवू नका, दारात जाऊन द्या.